फी सरकार भरणार असेल, तर सावकाराचं व्याज कशाला?

प्रश्न : मी बीडीएसच्या (दंतवैद्यक पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. तालुक्याच्या ठिकाणचं खासगी विनाअनुदानित कॉलेज आहे. प्रवेश कॅप राऊंडमधून, ओबीसी प्रवर्गातून झाला. वडील दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होते. दोन महिन्यांपूर्वी अपघात झाला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आई शिवणकाम करते, भाऊ बारावीला आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला २ लाख १० हजारांचा आहे. आधारवर माझं नाव चुकलेलं होतं, म्हणून पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म राहिला आणि वडिलांनी उसनवारी करून फी भरली. आता कॉलेज दुसऱ्या वर्षाचे २ लाख ७० हजार मागतंय. ते भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही असं ऑफिसात सांगितलं. मेसचे तीन महिने थकले आहेत, प्रॅक्टिकलची हत्यारं अजून पूर्ण घेतलेली नाहीत. गावातले एक जण तीन टक्क्यांनी पैसे द्यायला तयार आहेत. ते घेऊ, की शिक्षण सोडून घरी जाऊ?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही करू नकोस. तुझ्या पत्रातल्या २ लाख ७० हजारांपैकी मोठा हिस्सा तुझ्या घराने भरायचाच नाही. खरी अडचण आहे ती मेस, खोली, हत्यारं आणि सरकारी पैसे येईपर्यंतचे महिने. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या कर, कारण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. बहुतेक घरं त्या एकत्र करतात, सगळ्या रकमेचा एकच आकडा धरतात आणि घाबरून व्याजाने पैसे उचलतात.

आधी त्या तीन टक्क्यांबद्दल. गावाकडे तीन टक्के म्हणजे महिन्याला तीन टक्के. २ लाख ७० हजारांवर दरमहा ८,१०० रुपये नुसतं व्याज. आठ महिन्यांत ६४,८०० रुपये जातील आणि मुद्दल जागच्या जागी राहील. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. अशा व्यवहारात कोरा धनादेश किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर मागितला जातो आणि पुढे त्याच कागदावर जमीन किंवा घर अडकतं. आईला हे आजच सांग.

आता फीकडे येऊ. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. आधी ती निम्मी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे तुझ्यासारखा कॅपमधून, झालेला असावा. वैद्यकीय आणि दंत अभ्यासक्रम यात येतात, विनाअनुदानित कॉलेजंही येतात. व्यवस्थापन कोट्यातले, संस्था स्तरावरचे प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं येत नाहीत. तू या सगळ्या अटींत बसतेस.

ही सवलत कशाला आहे हे नीट वाच. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, बस्स. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत, ग्रंथालय वगैरे त्यात नाही. म्हणून ऑफिसात जाऊन पहिली गोष्ट माग ती मागणीची लेखी फोड : २ लाख ७० हजारांत शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, बाकी काय काय. तुझ्या कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते. त्या वर्षाची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम शेजारी लिहून ठेव. मंजूर फीपेक्षा जास्त मागणी असेल तर त्याची तक्रार प्राधिकरणाकडे होते. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त शुल्क आगाऊ घेता येत नाही, हेही लक्षात असू दे. फोड हातात आली की बहुधा दिसेल की तुला स्वतः भरायचा आकडा मागणीच्या मानाने बराच लहान आहे. तो हप्त्यांत मागता येतो.

महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज हा पुढचा टप्पा. इथे घाई नको, पण उशीरही नको. मुदत दरवर्षी बदलते आणि वाढते, म्हणून 'वाढेल अजून' असं म्हणत बसणारी मुलं दरवर्षी मागे राहतात.

सुरुवात आधारपासून. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेत नाव अक्षरशः सारखं हवं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी पडताळणी अडकते. आधार केंद्रावर दहावीचं प्रमाणपत्र नेऊन नाव दुरुस्त करून घे. चालू मोबाइल नंबर त्याच खेपेत जोडून घे, कारण प्रत्येक पायरीवर ओटीपी तिथेच येतो. वडिलांचा जुना नंबर जोडलेला असेल आणि तो फोन अपघातात गेला असेल, तर हे काम आणखी निकडीचं आहे.

मग बँक. 'आधार लिंक आहे' असं शाखेत सांगतात तेव्हा पुष्कळदा फक्त केवायसीसाठी आधार नोंदलेलं असतं. शासनाचे पैसे येतात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत तुझ्या आधारसमोर जे खातं आहे त्यात, आणि तिथे एका वेळी एकच खातं असतं, सगळ्यात शेवटी सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघ. शाळेत असताना काढलेलं एखादं विसरलेलं खातं तिथे दिसत असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दे. आणखी एक खाचखळगा : केवायसी अपूर्ण ठेवून उघडलेलं 'छोटं खातं' असेल, तर त्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. दंतवैद्यकाच्या फीची रक्कम अशा खात्यावर आली की परत जाते. मंजूर झालेली शिष्यवृत्ती 'पैसेच आले नाहीत' म्हणून वर्षभर लटकते, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. शाखेत जाऊन खात्याचा प्रकार विचार आणि पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घे.

कागद हे लागतील : कॅपचं वाटपपत्र, चालू वर्षाचं बोनाफाइड, फीची पावती किंवा फोड, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर, अधिवास, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा आणि योग्य आर्थिक वर्षाचा हवा. दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो, त्यामुळे वडिलांची कमाई आता थांबली आहे हे त्यात दिसणार नाही. तुझ्या बाबतीत त्याने बिघडत नाही, २ लाख १० हजार सगळ्या मर्यादांच्या आतच आहे. (ज्यांचा जुना दाखला मर्यादेच्या थोडा वर आहे, त्यांनी नवं आर्थिक वर्ष लागताच तलाठ्याच्या अहवालासह नवा दाखला काढावा. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो.)

प्रोफाइल भरताना वेळ दे. चुका नेमक्या तिथेच होतात. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर 'प्रवेश कॅपमधून आहे का' या प्रश्नाला घाईत 'नाही' टिकलं, की पात्र योजनांच्या यादीतून तुझी योजनाच गायब होते आणि मुलं समजतात की आपण पात्र नाही. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, तेव्हा वर्षही दुसरंच निवड. वसतिगृहात किंवा भाड्याने राहत असशील तर डे स्कॉलर (घरून ये-जा करणारी) निवडू नकोस. वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, दाखल्याचा बारकोड क्रमांक सगळं दाखल्यावर आहे तसंच. मोबाइलवर काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो चालत नाहीत. स्कॅन करून फाइल २५६ केबीच्या आत बसव.

योजना निवडताना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या यादीत बघ. तिथे ओबीसी विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना आहे आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे. दुसरीत उत्पन्नाची मर्यादा कमी असते, पण फीसोबत निर्वाह भत्ता असतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. प्रोफाइल पूर्ण झाल्यावर मॅट्रिकोत्तर तुला पात्र म्हणून दिसली तर आधी तिचे तपशील वाच आणि कॉलेजातल्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारून ठरव.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज महिनामहिना पडून राहतात आणि हे कॉलेजलाही कळत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघ. त्रुटीसाठी अर्ज परत आला असेल तर कारण तिथे लिहिलेलं असतं. कागद बदलून मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर तो बाद होतो. मंजुरीनंतर तुझ्या लॉगिनमध्ये रिडीमचं (रक्कम खात्यात घेण्याचं) बटण आलं असेल तर ओटीपी देऊन तेही कर. फीची रक्कम तुझ्या खात्यात आली तर ती कॉलेजची आहे. त्याच आठवड्यात भर आणि पावती घे. ते पैसे घरखर्चाला वळवलेस तर पुढच्या वर्षीचा अर्ज आणि कॉलेजशी असलेलं नातं दोन्ही अडचणीत येतात. घरची परिस्थिती बघता हा मोह किती मोठा असेल याची आम्हाला कल्पना आहे, म्हणूनच आधी सांगतो.

पहिल्या वर्षी भरलेले पैसे परत मिळतील असं धरून हिशेब करू नकोस. मागच्या वर्षासाठी पोर्टल उघडतं ते बहुधा आधी केलेल्या आणि त्रुटीत अडकलेल्या अर्जांसाठी. तरी पावतीसह एक अर्ज जिल्ह्याच्या सहायक संचालक, इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात देऊन ठेव. त्याला खर्च नाही.

आता परीक्षेचा फॉर्म. हे सगळ्यात निकडीचं आहे आणि तोंडी बोलून सुटत नाही. खिडकीवरच्या माणसाने 'जमणार नाही' म्हटलं याला कागदावर काही अर्थ नाही. लेखी अर्ज दे, असा :

'मा. प्राचार्य यांस,
विषय : शिक्षण शुल्क सवलतीस पात्र असल्याने परीक्षा अर्ज स्वीकारण्याबाबत व उर्वरित शुल्कास हप्ते मिळण्याबाबत.
मी बीडीएस द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून इतर मागास प्रवर्गातून झाला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २,१०,००० रुपये आहे. दि. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मी शिक्षण व परीक्षा शुल्काच्या पूर्ण सवलतीस पात्र आहे. महाडीबीटीवरील माझ्या अर्जाचा क्रमांक ... आहे. शिष्यवृत्तीची रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्यास सात दिवसांत महाविद्यालयात भरण्याची मी हमी देते. वडिलांच्या अपघातामुळे उर्वरित शुल्क एकरकमी भरणे शक्य नाही. ते तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी व माझा परीक्षा अर्ज विद्यापीठाकडे पाठवावा, ही विनंती.'

सोबत उत्पन्नाचा दाखला, वाटपपत्र, महाडीबीटी अर्जाची प्रत, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. दोन प्रती ने. एक दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. शिक्का देत नसतील तर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने कर. अर्जात चिडचिड नको, आरोप नकोत. पात्र मुलींकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये असं शासनाने सांगितलेलं आहे आणि हे प्राचार्यांना माहीत असतं. लेखी अर्ज समोर आला की उत्तरही विचार करून द्यावं लागतं. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर तीच शिक्क्याची प्रत जोडून कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे, सहायक संचालकांकडे आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाकडे जा. मात्र परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नको. हाताशी निदान दोन-तीन आठवडे हवेत.

हे चालू असताना वर्गात जाणं सोडू नकोस. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. पैशाच्या काळजीने घरी जाऊन बसलेली मुलं फीचा प्रश्न सुटल्यावर हजेरीत अडकतात, आणि हजेरीला कुठलीही योजना नाही.

राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळालेली नाही आणि जे शिक्षणाच्या गावचे रहिवासी नाहीत त्यांच्यासाठी ती आहे. रक्कम गावानुसार : मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्याखालच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. तुला ३८ हजारांची पायरी लागू होईल. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि प्रत्येक जिल्ह्यात ६०० जागा, गुणवत्तेने भरल्या जातात. म्हणून बारावीचे आणि पहिल्या वर्षाचे गुण जपून मांड. खोलीचा भाडेकरार किंवा वसतिगृहाची पावती, स्थानिक रहिवासी नसल्याचं स्वयंघोषणापत्र आणि हजेरीचा दाखला लागतो. त्याच कार्यालयात विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी कर. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तुझं कॉलेज रोज येण्याजोगं असेल तर जेवणासकट सोय होऊन जाते. (अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी अशीच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना साहित्यासाठी वर ५ हजार मिळतात.)

पण हे पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. मेसवाला तोवर थांबणार नाही. त्यासाठी कर्जच घ्यायचं तर ते बँकेचं शैक्षणिक कर्ज असू दे, आणि फीसाठी नको, जगण्यासाठी घे. शैक्षणिक कर्जात मेस, वसतिगृह, पुस्तकं, हत्यारं, परीक्षेचा खर्च सगळं बसतं आणि ते अभ्यासक्रमाच्या मधल्या वर्षीही मिळतं. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, पालक सहकर्जदार असले की झालं. वडिलांच्या नावावर थकलेलं कर्ज असेल तर आईला सहकर्जदार कर. तुझा हिशेब साधारण असा बसेल : महिन्याला सहा-सात हजार धरले तर वर्षाला ७५-८० हजार, दुसरं-तिसरं-चौथं वर्ष मिळून सव्वादोन ते अडीच लाख. मंजुरी तेवढी घे, पण उचल लागेल तशीच कर, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. आधार योजनेचे ३८ हजार आले त्या वर्षी उचल तेवढी कमी.

बँकेत जाताना केंद्राच्या व्याज अनुदान योजनेबद्दल स्वतःहून विचार. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था अटींत बसत असतील, तर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष यांचं व्याज केंद्र भरतं. कर्ज मंजूर होतानाच ते त्या योजनेत नोंदवून घ्यावं लागतं, नंतर शाखा टाळाटाळ करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना चांगली आहे, पण ती केंद्राच्या संस्था-क्रमवारीतल्या ठराविक संस्थांपुरती आहे. तुझं कॉलेज यादीत आहे का हे पोर्टलवर पाच मिनिटांत कळेल. याशिवाय राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे : देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. जिल्हा कार्यालयात कर्ज मंजुरीचं पत्र घेऊन जायचं.

शाखा व्यवस्थापक 'आमच्याकडे होत नाही' म्हणाला तर अर्ज ऑनलाइन विद्यालक्ष्मी पोर्टलवर टाक. मग नकार दिला तरी तो नोंदवून आणि कारण देऊन द्यावा लागतो. कर्ज हातात यायला महिना-दीड महिना जातो. मधल्या मेसच्या बिलासाठी आईच्या बचत गटाचं अंतर्गत कर्ज हा सावकारापेक्षा कितीतरी बरा मार्ग आहे. २५-३० हजारांचा प्रश्न आहे, पावणेतीन लाखांचा नाही.

खासगी शिष्यवृत्त्यांबद्दल थोडक्यात. कोटक कन्या आणि रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, तिथे वेळ घालवू नकोस. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन ईसीएसएस शिष्यवृत्तीत गेल्या तीन वर्षांत घरावर संकट आलेल्यांचा वेगळा विचार होतो. उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि मागच्या परीक्षेत ५५ टक्के असले की अर्ज करता येतो. वडिलांची रुग्णालयाची कागदपत्रं तिथे कामाला येतील. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पैसे मागणारी लिंक आली तर ती बनावट समज. विद्यापीठाच्या कमवा व शिका आणि विद्याधन योजनांचे अर्ज कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांमार्फत जातात. रक्कम मोठी नसते, पण हत्यारांचा खर्च त्यातून निघतो.

हत्यारांचं बोलायचं तर, दुसऱ्या वर्षाच्या प्री-क्लिनिकलला (पेशंटआधीच्या सरावाला) लागणारं बरंचसं सामान वरच्या वर्गातून घेता येतं. रबर बाऊल, स्पॅच्युला, वॅक्स नाइफ, लेक्रॉन कार्व्हर, इम्प्रेशन ट्रे, आर्टिक्युलेटर जुनं असलं तरी काही फरक पडत नाही. आर्टिक्युलेटरचा (जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या साच्याचा) बिजागरीतला हालता भाग तेवढा सैल नाही ना ते बघ, नाहीतर दात लावताना चावा बदलत राहतो. टायपोडॉन्टचे, म्हणजे सरावाच्या कृत्रिम जबड्याचे, दात वापरून झिजलेले असतात. जबडा जुना घे, लागतील तेवढे दात नवे घे. एअरोटर हँडपीस (हवेवर फिरणारं दात कोरायचं यंत्र) मात्र पारखून. बर (कोरणारं टोक) बसवून चिमटीत ओढून बघ. सुटून आला तर चक, म्हणजे त्याची पकड, गेला आहे. हवेवर फिरवून ऐक. खरखर किंवा शिट्टी आली तर बेअरिंग संपत आली आहे, आणि कार्ट्रिज बदलायला नव्याच्या किमतीतला बराच भाग जातो. पाण्याचा फवारा बरच्या टोकावर पडतो का आणि मागची जोडणी दोन छिद्रांची आहे की चार, हेही तुमच्या प्रयोगशाळेतल्या नळीशी ताडून बघ. न जुळणारा हँडपीस स्वस्तात घेऊन कपाटात पडून राहतो. घेतल्यावर प्रत्येक ऑटोक्लेव्हआधी (वाफेच्या निर्जंतुकीकरणाआधी) तेल दिलंस तर तो इंटर्नशिपपर्यंत चालेल.

जोडीला काम करावंसं वाटेल. शिकवण्या घे, ग्रंथालयात बस, एखाद्या दवाखान्यात स्वागतकक्षाचं किंवा निर्जंतुकीकरणाचं काम कर. पण 'शिकायलाही मिळेल' म्हणत कुणी पेशंटच्या तोंडात हात घालायला सांगितला तर स्पष्ट नाही म्हण. नोंदणीआधी दंतोपचार करणं दंतवैद्यक कायदा, १९४८ च्या विरुद्ध आहे आणि काही बिघडलं तर पुढची नोंदणी तुझी धोक्यात येईल, त्या डॉक्टरची नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण घराला तिचीच मदत जास्त होईल. वडील दुसऱ्याच्या टेम्पोवर नोकरीला असताना अपघात झाला, म्हणजे भरपाईचा हक्क आहे. कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली मालकाकडून, म्हणजे प्रत्यक्षात टेम्पोच्या विमा कंपनीकडून, दावा करता येतो. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं, तिथे कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडायचा असतो, तेव्हा आधी वकिलाला विचारा. वकिलाची फी नको असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. अपंगत्व आलेल्या व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो. आणि वडिलांचं पासबुक उघडून मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कापले गेलेत का ते बघ. कापले असतील तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघातात एक पाय गेल्यास त्यात १ लाख रुपये मिळतात. पंचनामा किंवा एफआयआर आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लावून बँकेतच दावा द्यायचा. तो खरं तर तीस दिवसांत द्यायला हवा होता. उशिराचं कारण एका कागदावर लिहून सोबत जोडा आणि याच आठवड्यात द्या.

जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडून जयपूर फूट मोफत बसवून मिळतो. गुडघा शाबूत असलेल्या माणसाला त्यावर चालणं आणि बसून करायची बरीच कामं जमतात.

भावाचं आधार, बँक खातं, नॉन क्रीमीलेअर आणि जात वैधता बारावीचा निकाल लागायच्या आत तपासून घे. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तुझं प्रमाणपत्र त्याच्या अर्जाला पुरावा म्हणून जोड. त्याला ओबीसी मुलगा म्हणून निम्मी फी भरावी लागेल, हे कॉलेज निवडतानाच हिशेबात धरा.